दुसरी बांगडी, दगडफूल आणि उलटा टांगलेला पोपट



आजचं वाचन भागवताच्या अकराव्या स्कंधातला नववा अध्याय. अवधूताचे चोवीस गुरू चालू आहेत. तोंडातला मांसाचा तुकडा टाकून देऊन सुटलेला पक्षी झाला, कशाचीच चिंता नसलेलं लहान मूल झालं. आज कुमारीची बांगडी.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. एका मुलीला मागणी घालायला माणसं घरी आली. घरातली मोठी माणसं नेमकी बाहेर गेलेली. पाहुण्यांचं जेवण तर व्हायला हवं, म्हणून ती आत जाऊन साळी कांडायला बसली. कांडताना हातातल्या शंखाच्या बांगड्या वाजायला लागल्या. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे बाहेर कळेल, म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक बांगडी फोडली. दोन-दोन ठेवल्या, तरी किणकिण होतेच. मग एकेकच ठेवली आणि आवाज थांबला. हे अवधूताने पाहिलं आणि त्यातून घेतलं ते असं की पुष्कळ जण एकत्र राहिले तर भांडण होतं, दोघं राहिले तरी बोलणं होतंच, तेव्हा साधकाने एकटं फिरावं.

गेल्या चातुर्मासात याच अध्यायावर मी इथे लिहिलं होतं. तुमच्यापैकी काहींनी ते वाचलंय. तेव्हा मला ते फार छान जमलंय असं वाटलं होतं. "तुमच्या आयुष्यातली दुसरी बांगडी कोणती? ती काढा." असं मोठ्या अक्षरांत लिहून एक चित्रही केलं होतं, स्टेटसला ठेवायला. बऱ्याच जणांनी ठेवलं.

त्या लेखामुळे काय झालं ते आज सांगायचंय. आणि दगडफूल नि पोपट यात कुठून आले, तेही.

आमचा नामजपाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी ॲडमिन. रोज रात्री प्रत्येकाने आपल्या माळांचा आकडा शीटमध्ये भरायचा. रविवारी सकाळी मी ती शीट क्रमाने लावून ग्रुपवर टाकायचो. पहिल्या तिघांच्या नावापुढे दिवा. खालच्यांना काही बोलायचो नाही, पण नावं तर दिसायचीच ना. सगळ्यात खाली बहुतेक वेळा एका ताईंचं नाव असायचं. एक माळ, दोन माळा, कधी शून्य. वन बीएचकेचं घर, सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याची शिफ्टची नोकरी, मुलगा तिसरीत. हे मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी यादी लावत होतो.

तो बांगडीचा लेख ग्रुपवर टाकला त्याच रात्री त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. मला वेगळा एक मेसेज आला, "दादा, माझ्याकडे एकांत नाही. होईल असंही दिसत नाही. तुम्ही सगळे छान करताय. मी थांबते." मी उत्तर दिलं, "काही हरकत नाही ताई, जमेल तेव्हा या," आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. संपलं. दुसऱ्या दिवशी शीटमधली त्यांची ओळ काढून टाकली. शीट नीटनेटकी दिसायला लागली, असं मनात आलंसुद्धा. खोटं कशाला बोलू.

मग फेब्रुवारीत आंबोलीला गेलो. दोन दिवस सुट्टी आणि एक मित्र, एवढंच निमित्त. सिंधुदुर्गातली, घाटमाथ्यावरची आंबोली. पावसाळ्यात तिथे ढग खोलीत शिरतात म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कोरडी थंडी होती. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या आजी सकाळी मसाला भाजत होत्या. धणे, मिरची, मसाला वेलची, आणि मग एक काळपट-राखाडी चुरगळलेली वस्तू कढईत पडली. तोपर्यंत तिला काही वास नव्हता. तेल लागलं, ऊब लागली आणि सगळं स्वयंपाकघर बदललं. ते दगडफूल. आपल्या आईच्या गोड्या मसाल्यात असतं तेच. मी तीस वर्षं खात आलोय आणि ते झाडावर कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

आजी मला अंगणामागच्या पांगाऱ्याशी घेऊन गेल्या. पानं गळलेली, फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलं, खोडाला काटे. खोडावर राखाडी-हिरवट, झालरीसारखे चट्टे चिकटलेले. "ह्यां बघ दगडफूल," त्या म्हणाल्या. मी अगदी नाक लावून बघत होतो, तेवढ्यात त्यांनी खांद्याला हात लावला. "वर बघ झिला, उलटो टांगलेलो आसा."

वर फुलांमध्ये चिमणीएवढा एक हिरवागार पोपट पायांनी फांदी धरून, डोकं खाली करून मध खात होता. चोच लाल, पाठीचा खालचा भाग लाल, शेपटी जवळजवळ नाहीच. हलला नसता तर मला पानच वाटलं असतं, पण त्या झाडाला पानंच नव्हती. इंग्रजीत त्याला व्हर्नल हँगिंग पॅरट म्हणतात. सह्याद्रीत, ईशान्य भारतात, अंदमानात आणि पुढे आग्नेय आशियातही असतो. लांबी जेमतेम 14 सेंटीमीटर. खातो बऱ्याचदा उलटा आणि झोपतो तर उलटाच, वटवाघळासारखा.

एकाच झाडावर, एकमेकांपासून दहा-बारा फुटांवर, दोघं. एक जागचं न हलणारं, एक क्षणभर स्थिर न राहणारा. माझ्या डोक्याने लगेच काय केलं असेल? दोन कॉलम. ॲडमिन ना मी. दगडफूल : स्थिर, मौन, तपस्वी, अन्नपाण्यासाठी कुणाच्या दारात न जाणारं. पोपट : चंचल, गोडाचा लोभी, बडबड्या. पहिला नंबर दगडफुलाचा, साधक असावा तर असा, पोपट म्हणजे आपलं मन. परतीच्या गाडीत लेख मनात तयार होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाबद्दल तक्रार करतो, तो संदर्भही जोडून ठेवला.

घरी येऊन लिहायला बसलो. म्हटलं, दोन्हींबद्दल थोडं नीट वाचून घेऊ, चूक नको. आणि वाचता वाचता माझे दोन्ही कॉलम मोडले.

आधी दगडफूल. ज्याला मी एकांतातला तपस्वी म्हणत होतो, ते एकटं नाहीच. दगडफूल, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला लायकेन म्हणतात ते, एक वनस्पती नसते. तिथे दोन जीव एकत्र राहतात. एक बुरशी आणि तिच्या धाग्यांमध्ये वस्तीला असलेलं सूक्ष्म शेवाळ. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, उन्हापासून आडोसा देते. शेवाळ उजेडावर साखर करतं आणि त्यावर दोघांचं चालतं. सिमोन श्वेंडनर नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा त्या काळातल्या मोठ्या जाणकारांनी त्याला उडवून लावलं. डोळ्यांना एक दिसतंय ते दोन कसं असेल? आणि गंमत पुढे आहे. 2016 मध्ये काही लायकेनमध्ये तिसराही भागीदार सापडला, यीस्ट. म्हणजे दीडशे वर्षं "दोन, दोन" म्हणणाऱ्यांनाही पूर्ण दिसलं नव्हतं.

मी बांगडीवर लिहिताना काय म्हटलं होतं? दोन असले की आवाज होतो. आणि इथे आपल्या मसाल्याच्या डब्यात असं एक घर पडलेलं, ज्यात दोघं राहतात आणि आवाज नाही.

लगेच त्याचं भजन करू नका हां. काही शास्त्रज्ञ म्हणतात की यात शेवाळ बरोबरीचं नाहीच, बुरशीने त्याला कोंडून कामाला लावलंय. लग्नाबद्दल, एकत्र कुटुंबाबद्दलही आपण हेच बोलतो ना? बाहेरून सगळं एक दिसतं, आत कोण कुणाला पोसतंय ते आतल्यालाच माहीत. त्या ताईंच्या घरातही बुरशी कोण आणि शेवाळ कोण हे मी बाहेरून ठरवणार नाही. माझा मुद्दा एवढाच की एकटेपणा हीच शांततेची एकमेव जागा, असं मी ठामपणे लिहून बसलो होतो आणि ते बरोबर नव्हतं.

दगडफुलाची अजून एक गोष्ट मला फार आवडली. त्याला मूळ नसतं. खोडाला नुसतं धरून असतं, झाडातून काही ओढून घेत नाही. पाणी, क्षार, जे काय मिळायचं ते पावसातून, धुक्यातून, हवेतून. ऊन वाढलं की वाळून कुरकुरीत होतं, आतलं काम जवळजवळ थांबतं. मेलं असं वाटतं. पाऊस पडला की थोड्याच वेळात परत हिरवट होतं आणि काम सुरू. वाढ किती? वर्षाला मिलिमीटरांत मोजावी इतकी. आणि त्याच्या झालरीच्या कडांना पिठासारखी बारीक भुकटी असते. त्या एकेका कणात बुरशीचा धागा असतो आणि शेवाळाची पेशीही. दूर जाऊन नवं घर मांडायचं तरी दोघांनी मिळून जायचं, अशी सोय.

आता शून्य माळांची ती ओळ आठवा. कोरडा काळ होता तो. मी त्याला "सातत्य नाही" म्हणत होतो.

पोपटाकडे वळू. त्याच्याबद्दल तर मी फारच उद्धट होतो. पोपट म्हटलं की आपल्याला पोपटपंची आठवते. पण भागवत वाचणाऱ्याने पोपटाला हलकं लेखावं म्हणजे कमाल आहे! हे सगळं आपण ऐकतोय कुणाच्या तोंडून? शुकाच्या. शुक म्हणजे पोपट. सात दिवसांत मरण येणार हे कळलेल्या परीक्षिताला ज्यांनी ही कथा सांगितली, त्यांचं नाव पक्ष्याचं आहे, तेही पोपटाचं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच हे वेदवृक्षाचं पिकून शुकाच्या मुखातून आलेलं फळ आहे, अशा अर्थाचं सांगितलंय. पोपटाने चोच मारलेला पेरू गोड असतो, असं आपली आजीही सांगायची.

या छोट्या पोपटाची मादी काय करते ऐका. तिचं घरटं झाडाच्या ढोलीत. ढोलीत अंथरायला पानांच्या पट्ट्या लागतात. चोचीने ती हिरव्या पानाची लांब पट्टी कातरते आणि पाठीच्या खालच्या बाजूला, त्या लाल पिसांमध्ये खोचते. एक, मग दुसरी. चोच मोकळी. मग उडते. ही सवय लव्हबर्डच्या काही जातींमध्येही आहे, पण आपल्या जंगलातल्या पोपटांत मला ती इथेच वाचायला मिळाली.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसून राहिलो. पदराला किल्ली खोचलेली, कमरेला फोन खोचलेला, एका हातात सासूबाईंच्या पेजेची वाटी, अशा कितीतरी बायका मी पाहिल्यात. माझ्या आईसकट. घर पाठीवर खोचून त्या दिवसभर इकडून तिकडे उडत असतात. त्यांना कुणीतरी सांगतं, आधी हे सगळं उतरव, मग देवाकडे ये. सांगणारा मी होतो.

आणि झोप. दिवसभर धावपळ करणारा हा जीव रात्री उलटा लटकून झोपतो. बाकीचे पक्षी ज्याला खाली म्हणतात ती याची वरची बाजू. माझी शीट तशी उलटी धरली असती तर काय दिसलं असतं, असं मनात आलं. पण हे म्हणजे शेवटच्या माणसाला पहिला करून टाकायचं. म्हणजे परत यादीच! क्रम बदलला, रोग तोच. दगडफूल मोठं की पोपट मोठा, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मोजायचं काय? मिलिमीटर की उड्डाणं? पांगाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, एकाला मी खोड दिलं, एकाला फूल.

अवधूताचीच पद्धत पाहा ना. यदुराजाला तो चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा, पिंगला वेश्या, बाण घडवणारा, कोळी. त्यात पहिला-दुसरा नंबर नाही. अजगर पडून राहतो, मधमाशी फिरत राहते, दोघेही गुरू. अजगरासारखं हो आणि मधमाशीसारखंही हो, असं कसं जमायचं? जमायचं नसतंच. ज्या दिवशी जे लागेल ते घ्यायचं. आणि त्यातले काही गुरू तर काय करू नये हे शिकवायलाच आहेत. पतंग ज्योतीवर जळाला, मासा गळाला लागला, हत्ती खड्ड्यात पडला.

मग बांगडीची शिकवण खोटी का? नाही हो. अवधूत संन्यासी होता, त्याला एकटं फिरायचं होतं, त्याने ते घेतलं. चूक माझी. मी एका अवधूताचं औषध चाळीस संसारी माणसांना वाटलं, चित्र करून. आपण मराठी माणसं हा स्कंध कुणाच्या हातून वाचतो ते तरी आठवायला हवं होतं. नाथमहाराजांच्या. एकनाथी भागवत म्हणजे याच अकराव्या स्कंधावरची टीका. पैठणला सुरुवात झाली आणि 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली. लिहिणारे कोण, तर गृहस्थ. गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित, मुली, घरात सतत आल्यागेल्याची पंगत. बांगडीचा हा अध्याय त्यांनी भरल्या घराचा माणूस म्हणून हाताळलाय. त्यांच्या कानावर किणकिण पडत नसेल का? मला वाटतं भरपूर पडत असेल.

आता पोपटाची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल दादा एकदम पोपटाच्या बाजूने गेले. हा छोटा पोपट गोडाचा फार शौकीन. जिथे माडाची ताडी काढतात तिथे झाडाला लावलेल्या मडक्यांवर जातो, आंबलेला रस पितो आणि झिंगतो, असं जुन्या पक्षीतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलंय. हसू येतं, पण मला माझा डिसेंबर आठवला. एका महिन्यात तीन शिबिरं, दोन अखंड नामसप्ताह, एक रात्रभराचं कीर्तन. डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, घरी आल्यावर आईने गॅस सिलेंडरचं विचारलं तर चिडलो. ही ताडीच. फुलातला मध आणि मडक्यातली ताडी दोन्ही गोडच लागतात, आणि पिणाऱ्याला फरक बऱ्याच उशिरा कळतो. अवधूताने हा पक्षी पाहिला असता तर पतंगाच्या शेजारी बसवला असता कदाचित.

दगडफुलाचं मात्र एक राहिलं आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

मूळ नाही, सगळं हवेतून घ्यायचं, म्हणून हवेत जे असेल ते सगळं त्याच्या आत जातं. चांगलंही आणि विषही. गाळून बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे फारशी नाही. त्यामुळे हवा बिघडली, विशेषतः कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू वाढला, की नाजूक जातीची दगडफुलं आधी नाहीशी होतात. झाडं उभी असतात, पाखरं असतात, माणसं फिरत असतात, कुणाला काही जाणवलेलं नसतं, पण खोडं उघडी पडलेली असतात. हवा किती खराब झाली हे पाहायला शास्त्रज्ञ खोडांवरची दगडफुलं मोजतात. आपल्या इमारतीसमोरच्या झाडाचं खोड पाहा एकदा. आणि मग कधी घाटात गेलात तर तिथलं पाहा. (पाहा म्हणजे पाहाच. खरवडून घरी आणू नका, ती झालर व्हायला किती वर्षं लागतात ते वर सांगितलंय.)

ताई ग्रुपमधून गेल्या तेव्हा मी समजलो की त्यांना झेपलं नाही. सगळे तसंच समजलो. चाळीसजण नीट चालू होते, एक गळली. पण ज्या बाईला वर्षानुवर्षं अंथरुणावरच्या माणसाचं करणं झेपलंय, तिला रोज एक आकडा भरणं झेपलं नाही असं कसं होईल? झेपलं नाही ते आकड्याशेजारी उभं असलेलं दुसऱ्याचं नाव. रविवारी सकाळची ती यादी. माझा दिवा. ग्रुपमधली हवा बिघडली होती आणि ते आम्हाला कळलं नव्हतं, कारण आम्ही जे राहिलो होतो त्यांना ती मानवत होती. मला तर चांगलीच मानवत होती, मी वरच्या तिघांत असायचो.

हे लक्षात आल्यावर लेख लिहायचं सोडून मी त्यांना फोन केला. खरं सांगतो, दोनदा नंबर काढून ठेवून दिला. तिसऱ्यांदा लावला. मागे कुकर, मुलगा काहीतरी मोठ्याने पाठ करतोय, सासूबाई मधूनच हाक मारतायत. मी म्हटलं, "ताई, मी चुकलो. ती यादी लावायला नको होती. आणि बांगडीचं जे लिहिलं तेही तुम्हाला लावून घेण्यासारखं नव्हतं." त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अहो दादा, तेवढं काही नाही." मग म्हणाल्या, "थांबा हं," आणि फोन ठेवून आत गेल्या. दोन-तीन मिनिटं मी नुसता कुकर ऐकत होतो.

परत आल्यावर म्हणाल्या, "आईंना कूस बदलून द्यायची होती. त्यांना एकटीने नाही जमत, मलाही एकटीने नाही जमत. त्या डावा हात टेकवतात, मी उजवीकडून धरते, आणि दोघी मिळून विठ्ठल विठ्ठल म्हणतो. त्यांना नीट बोलता येत नाही ना आता, पण तेवढं येतं. दिवसातून सात-आठ वेळा. ते माळेत कसं धरायचं मला कळत नव्हतं, म्हणून शून्य लिहायचे."

मला काही बोलता आलं नाही. मी "हो ताई, हो ताई" करत राहिलो.

ग्रुपमध्ये परत येता का, असं विचारलं. "बघू," म्हणाल्या. अजून आलेल्या नाहीत. यायलाच हव्यात असंही काही नाही.

मी रविवारची यादी बंद केली. शीट आहे, पण आता प्रत्येकाला फक्त आपली ओळ दिसते. यावर ग्रुपमध्ये बरीच चर्चा झाली. दोघा-तिघांनी स्पष्ट सांगितलं की यादी नसली की उत्साह राहत नाही, माळा कमी होतायत. एकाने लिहिलं, "दादा, स्पर्धा होती म्हणून तर मी पहाटे उठत होतो." त्यांचंही अगदीच चूक नाही. त्यांच्यासाठी काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा, पण कृपया त्यात क्रमांक नको.

गेल्या चातुर्मासातला तो बांगडीचा लेख मी काढलेला नाही. खाली या लेखाची लिंक दिली आहे. ते चित्र मात्र तुमच्या गॅलरीत असेल तर उडवा.

एक छोटं काम, हवं तर करा. आज घरात मसाला असेल, त्यात दगडफूल असेल, तर एक तुकडा हातावर घेऊन बघा. वरची बाजू राखाडी, खालची काळी. वास घ्या, फारसा येणार नाही. मग तेलात टाका.

उद्याचं वाचन याच अध्यायात पुढे, बाण घडवणारा. राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी ज्याला कळली नाही तो. वाचून या.

राम कृष्ण हरी.